सावलीचं वावडं

भर उन्हात गाडी लावायची वेळ आली की शहाणा माणूस काय करतो? झाड शोधतो. आमच्या वहिनी झाड दिसलं की गाडी पुढे काढतात. वाटेत चांगलं डेरेदार झाड लागतं, खाली चार गाड्या सुखाने उभ्या असतात, आणि या बाई ते सोडून पलीकडच्या माळावर, जिथे कुत्रंसुद्धा बसणार नाही, तिथे जाऊन ब्रेक मारतात. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मी म्हटलं, "अहो वहिनी, सावलीचं वावडं आहे का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "मला नाही, वन्सं. छपराला आहे."

त्यांच्या गाडीच्या छपरावर पाटाएवढी पांढरी अँटेना बसवलेली आहे. तिला इंटरनेट थेट उपग्रहावरून येतं, आणि त्यासाठी डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. फांदी आडवी आली की चित्र अडकलंच. माझा दादा हार्वेस्टर दुरुस्त करतो. कापणीच्या दिवसांत जिकडे यंत्रं तिकडे तो, आणि त्याच्यामागे ही गाडी: आत पलंग, शेगडी, घडीचं टेबल. तिकडे मोबाइलच्या रेंजची बोंबच असते. लग्न झालं तेव्हा सगळे धरूनच चालले होते की आता वहिनींचं काम सुटणार. वहिनींनी अँटेना बसवली आणि काम गाडीत आणलं.

त्या दुभाषी आहेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची खुणांची भाषा त्यांना येते. समोर डॉक्टर असो नाहीतर बँकेतला साहेब, व्हिडिओवरून याचं त्याला आणि त्याचं याला सांगतात. फोनवर आवाज तुटला तर माणूस अंदाजाने वेळ मारून नेतो. इथे हात अडकले की वाक्यच गेलं. म्हणून त्या कायम बिननक्षीचा काळा सदरा घालतात. काळ्यावर हात उठून दिसतात. अंगठी नाही, नखांना रंग नाही, लक्ष तिकडे जायला नको. नातेवाइकांत कुजबुज अशी की दादा बायकोला धड कपडे घेत नाही! अहो, ते सदरे मी शिवते, माझं शिवणाचं दुकान आहे. एका आत्याबाईंना मी हे पुन्हा पुन्हा गोड बोलून समजावलं, शेवटी तोंडाचा पट्टा सोडला. त्यानंतर त्यांना कळलं.

तर एकदा मी दुकान बंद करून चार दिवस त्यांच्याबरोबर हिंडायला गेले होते. वहिनींच्या ओळखीची एक गरोदर बाई होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या बऱ्याचशा खुणा तिच्या घरातच तयार झालेल्या, दुसऱ्या दुभाष्याला निम्म्या कळायच्या नाहीत. सगळ्या तपासण्यांना वहिनीच होत्या. "बाळ होताना तूच हवीस," असं तिने बजावलं होतं आणि वहिनींनी शब्द दिला होता. तारीख लांब होती. पण बाळं काय कॅलेंडर बघून येतात?

आम्ही जेवायला म्हणून गाडी रस्त्याकडेच्या झाडांखाली घेतली होती. फांद्यांमधून जरा नेट आलं आणि त्यातून निरोप आला: बाळाचे ठोके मंदावताहेत, लगेच ऑपरेशन करायचंय. वहिनींनी ताट तसंच ठेवलं, स्टिअरिंग धरलं आणि गाडी थेट नुकत्याच कापलेल्या शेताच्या मधोमध नेऊन उभी केली. दादा पार दुसऱ्या टोकाला यंत्राखाली आडवा पडलेला. वर आग ओकणारं ऊन. एसी बंद, पंखाही बंद, कारण त्यांच्या घरघरीत डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. खिडकीतून वहिनींच्या अर्ध्या चेहऱ्यावर ऊन येत होतं. मला म्हणाल्या, "वन्सं, चादर धरा. पण आधी तिला विचारते." आणि खरंच, मी तिथे थांबले तर चालेल का, हे त्यांनी त्या बाईला विचारलं. मी हे सांगतेय तेही तिच्या परवानगीने. नाहीतर वहिनींनी मला तोंड उघडू दिलं नसतं.

मला लॅपटॉपचा पडदा दिसत नव्हता, वहिनींचा चेहरा दिसत होता. तिकडे सगळ्यांच्या तोंडावर मास्क, म्हणजे त्या बाईला कुणाचे ओठही दिसेनात. भूल कमरेखालीच दिलेली, ती जागी, आणि समोर धरलेल्या फोनवर तिला फक्त वहिनी दिसत होत्या. एक नर्स म्हणाली, हात पट्ट्याने बांधून घेऊ. वहिनी कडाडल्या, "बांधू नका! हात म्हणजे तिचं तोंड आहे!" इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. एक हात मोकळा राहिला.

आणि तेवढ्यात आली का पंचाईत! हार्वेस्टरचा ड्रायव्हर, काडीसारखा माणूस, सगळे त्याला पैलवान म्हणतात, त्याने लांबून पाहिलं की दोन बायका उन्हात भाजताहेत. बिचाऱ्याला दया आली. त्याने ते घराएवढं लोखंडी धूड आणून आमच्या गाडीला खेटून उभं केलं. छान सावली पडली आणि चित्र जागच्या जागी थिजलं.

"गेलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचे हात हवेत तसेच राहिले.

मी चादर टाकून बाहेर उडी मारली. "अहो, मागे घ्या! मागे!"

"ताई, सावली केली तुम्हाला," पैलवान हसत म्हणाला.

"जळो तुमची सावली! आभाळ सोडा आमचं! तिकडे एका बाईचं पोट फाडताहेत!"

त्याला काही म्हणजे काही कळलं नाही, पण माझा अवतार बघून त्याने यंत्र असं मागे घेतलं की थेट बांधावर चढवलं. मी धापा टाकत परत चादर धरली. चित्र आलं होतं. बाळ बाहेर आलं होतं. आवाज मात्र नव्हता.

वहिनी बोलल्या, "माझं बाळ रडलं का?"

दुभाषी कधी 'ती विचारतेय' असं म्हणत नाहीत. समोरच्याचं 'मी' ते यांचंही 'मी'. हे मला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला. तिकडे कुणी उत्तर देईना. नुसतं "पाठ चोळा, चोळा" ऐकू येत होतं. मला राहवेना. "वहिनी, हो म्हणा! अहो, हो म्हणून टाका ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. घामाने डोळे चुरचुरत होते, पण पुसायला हात मोकळा कुठे होता? त्यांनी सावकाश, स्पष्ट खुणा केल्या. काय म्हणाल्या ते मला नंतर कळलं: अजून नाही. पाठ चोळताहेत. आवाज आला की त्याच क्षणी सांगते.

मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मग किरकिरल्यासारखं काहीतरी झालं, आणि पाठोपाठ असा टाहो फुटला की लॅपटॉपचा स्पीकर खरखरला. वहिनींनी नुसती 'रडलं' अशी खूण नाही केली. त्यांनी तोंड वासलं, मुठी आवळल्या, मान थरथरवली, नाक फेंदारलं. केवढ्याने रडतंय, किती चिडून रडतंय, मध्ये श्वास कुठे घेतंय, सगळं चेहऱ्यावर आणलं. मी ढसाढसा रडत होते.

नर्सने बाळ आईच्या तोंडाजवळ आणलं असावं, कारण "ओले ओले, गप गप" असा लाडाचा आवाज एकदम जवळून आला. वहिनींनी तेही हातांनी सांगितलं. मग त्या पडद्यावर आईचा मोकळा हात बघत राहिल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

"गप्प नका करू त्याला. मला दिसतंय. रडू द्या."

नर्सने त्याला रडू दिलं.