दुपारी बहिरा होणारा रिसीव्हर

"मॅडम, तुमचा डबा दुपारचा बहिरा हुतोय. सकाळी ऐकतोय, सांजचं ऐकतोय, ऊन तापलं की न्हाय!" बिद्रीकडच्या एका पाणी संस्थेचे चेअरमन फोनवर ओरडत होते.

टेकडीवरची टाकी भरली की तिथला ट्रान्समीटर नदीकाठच्या रिसीव्हरला कळवणार आणि रिसीव्हर मोटर बंद करणार, असं आमचं स्वस्त यंत्र. दुपारी टाकी भरून वाहिली आणि खालच्या भाजीच्या वावरात पाणी शिरलं. आता रविवारी भर दुपारी सभासदांसमोर चाचणी. नापास झालो तर यंत्र परत, आणि डिझाइन करणारी मीही बहुधा घरी.

"महागडा क्रिस्टल टाका," आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले. क्रिस्टल म्हणजे रेडिओची फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा सुटा भाग.

"मग यंत्र घेणार कोण?"

"पण आपल्याकडं चालतंय की!"

चालणारच. आमच्या टेस्टिंगला दोन्ही डबे एकाच टेबलावर, एकाच पंख्याखाली. क्रिस्टल तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, पण तिथे दोन्हींची सारखीच सरकायची. संस्थेत मात्र एक डबा उन्हात आणि दुसरा दगडी पंपहाउसच्या गारव्यात.

मी ट्रान्समीटर उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवला आणि रिसीव्हर माठाशेजारी. चहा येईपर्यंत रिसीव्हर गप्प! बिघाड बघून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

डिजिटल रेडिओत 'एक' पाठवताना फ्रिक्वेन्सी मधल्या रेषेच्या थोडी वर जाते, 'शून्य'ला थोडी खाली. हे अंतर म्हणजे डेव्हिएशन. लांब रेंज मिळावी म्हणून साहेबांनी ते अगदी कमी ठेवायला लावलं होतं. त्यामुळे क्रिस्टल जरा सरकला की एक आणि शून्य दोन्ही रेषेच्या एकाच बाजूला. रिसीव्हरला फरक कळणार कसा? मी डेव्हिएशन ऐसपैस वाढवलं, रिसीव्हर जेवढ्या फ्रिक्वेन्सी ऐकतो ती खिडकीही रुंद केली. बदल फक्त सॉफ्टवेअरमध्ये, एकही नवा पार्ट नाही.

"रेंज घटेल," साहेब कुरकुरले.

"नदीवरून टाकी दिसते, साहेब. आपल्याला पार तिकडे चंदगडला ऐकवायचंय का?"

रविवारी ऊन मी म्हणत होतं. टाकीवरच्या माणसाने टॉवेल हलवला. टाकी भरली होती. पुढच्याच क्षणी मोटर थांबली. मी सगळ्यांदेखत टाळी वाजवली.

"बंद झाली की!" चेअरमन आमच्या साहेबांकडे वळले. "पावणं, शेजारच्या गावालाबी असलाच डबा द्या. आन् मॅडमनी केलेला, बरं का!"

साहेब हसून "व्हय व्हय" म्हणाले. सोमवारी त्यांनी टेस्टिंगचा नियम बदलला. एक डबा पत्र्यावर, एक माठाशेजारी. पंख्याखाली काय, सगळेच पास होतात.