खोडलेली ओळ

बाई नवऱ्याचं नाव घेऊन ओरडली आणि सगळं नाट्यगृह हसलं. रंगमंचावर पेशवाईतला एक घोडेस्वार मरून पडला होता, नऊवारीतली बायको त्याला नावानं हाका मारत होती, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, ही बाई पेशवाईतली की कोथरूडची?" पुन्हा हशा. विंगेत माझ्या शेजारी नाटककार उभा होता... वॉल्टर, अमेरिकेचा. त्या प्रयोगाला आता कैक वर्षं झाली. पाच आठवड्यांपूर्वी तो तिकडेच, अमेरिकेत वारला. त्याच्या बहिणीचा फोन आला. पेपरात त्याच्या इंग्रजी नाटकांची यादी छापून आली. त्याचं पहिलं नाटक मराठीत होतं आणि ते पुण्यात पडलं, हे त्यात नाही. म्हणून मी लिहिते. शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर चुकलं.

त्याचे वडील उसाचे तज्ज्ञ, म्हणून तो पुण्याजवळच्या मांजरी गावात वाढला. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. मराठी तो माझ्या चुलीपाशी शिकला, शिव्यांसकट. नऊ वर्षांचा असताना माझ्या नवऱ्याचा डबा घेऊन माझ्याबरोबर शेतावर यायचा. अशाच एका दुपारी उसाची बैलगाडी आमच्या डोळ्यांदेखत उलटली. हे खाली सापडले. तेव्हा मी यांना नावानं हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदा. ऐकायला वॉल्टर एकटाच होता. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

पुढे ते सगळे अमेरिकेला गेले. पंचविशीत तो एकटा परत आला आणि सदाशिव पेठेत खोली घेऊन नाटक लिहायला बसला. मी तोवर त्याच पेठेत घरोघरी पोळ्या लाटत होते. लिहिलेलं तो मला मोठ्यानं वाचायला लावायचा आणि माझी जीभ अडखळली की ते वाक्य खोडायचा. "काकू, तुम्ही अडता तिथं मी खोटं लिहिलेलं असतं." मी म्हणायचे, "मी चौथी शिकलेय, म्हणून अडते." त्या हाकेच्या ओळीवर मात्र मी अडले नाही. हाकेतलं यांचं नावही त्यानं बदललं नव्हतं.

पहिल्या प्रयोगानंतर दिग्दर्शक वॉल्टरला म्हणाले, "त्या काळी कुठली बाई नवऱ्याचं नाव घेत होती? आपण परदेशी, आपल्याला कसं कळणार!" वॉल्टर माझ्याकडे वळला. "काकू, सांगा ना त्यांना." मी घेतलं होतं, एवढंच सांगायचं होतं. पण आत्ताच सगळे हसले होते... मी म्हणाले, "काढून टाक." त्यानं उभ्या उभ्या फुली मारली. नाटक तीन प्रयोगांत बंद पडलं. तो निघून गेला आणि पुन्हा त्यानं मराठीत अक्षर लिहिलं नाही. ते माझ्यामुळे. कुणी माझी समजूत घालू नये.

नाटकाची वही मात्र माझ्याकडे ठेवून गेला. पिठाच्या डब्यामागे असते. दुपारी पोळ्या आटोपल्या की अजून मोठ्यानं वाचते, फुलीखालची ओळसुद्धा.

गाडी उलटली तेव्हा तिथं आम्ही तिघं होतो. भिकाजी जागीच गेले. वॉल्टर गेल्या महिन्यात गेला. मी आहे.