अझेलियाचा रंग

फुलापेक्षा फुलाची वाट बघण्यावर जास्त जीव असलेला माणूस अख्ख्या भोपाळमध्ये एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलतसासरा म्हणून आला. बागसेवनिया वस्तीतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको, खाली काका-काकू, आणि पुढच्या अंगणात, सकाळचं कोवळं ऊन मिळेल पण दुपारचं लागणार नाही अशा कोपऱ्यात, गुडघाभर उंचीचं एक अझेलियाचं झुडूप. काकांनी ते पचमढीहून आणलं होतं. फुलाचा रंग कोणता, हे रोपवाल्याने सांगितलं नाही आणि काकांनी मुद्दामच विचारलं नाही. आधीच कळलं तर मग दोन-तीन वर्षं स्वप्नं कशाची बघायची, हा त्यांचा सवाल. काकू म्हणायच्या गुलाबी, काका म्हणायचे पांढरा. रोज सकाळी वेताच्या खुर्चीत, हातात चहाचा कप घेऊन ते झुडपासमोर बसायचे आणि त्यांची अशी काही तंद्री लागायची, की त्यांच्या हातातला चहा मी कधी गरम असलेला पाहिला नाही.

काकांची उभी नोकरी सरकारी कार्यालयात लोकांच्या बदल्यांचे आदेश काढण्यात गेलेली. त्यामुळे नवं लावलेलं झाड म्हणजे त्यांच्या लेखी नुकताच बदलून आलेला कर्मचारी. "पहिल्या वर्षी त्याला काम सांगायचं नाही," ते मला समजावत. "आधी बिऱ्हाड लावू दे." बिऱ्हाड लावणं म्हणजे मुळं धरणं. सगळी ताकद मुळांकडे जावी म्हणून पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या त्यांनी हिरव्या असतानाच खुडून टाकल्या, आणि काकू त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. खत बंद, माती उकरणं बंद, कारण या झाडाची मुळं अगदी वरवर असतात. बुंध्याभोवती वाळक्या पानांची जाड गादी, आणि त्या गादीखाली बोट घालून सकाळ-संध्याकाळ ओल बघायची. बोअरिंगचं पाणी जड, ते याला सोसत नाही, म्हणून पावसाचं पाणी साठवलेली चार पिंपं गाडीच्या जागेत आणि गाडी बारा महिने रस्त्यावर. मे महिन्यात घरातली एकुलती एक मोठी छत्री झुडपाच्या डोक्यावर आणि काका डोक्याला रुमाल बांधून बाजारात. दूधवाला रोज विचारायचा, "अंकलजी, इसमें फूल कब आएगा?" काका शांतपणे सांगायचे, "आएगा भैया, अभी तो जॉइनिंग दी है." तरी दुसऱ्या उन्हाळ्यात छत्रीला न जुमानता तिकडची लू, ती गरम वाऱ्याची झळ, लागलीच. कोवळी टोकं करपली, आणि त्या वर्षी कळ्या धरल्याच नाहीत.

काकांचं पंचांगही त्या झुडपाचंच होतं. फूल दिसतं फाल्गुनात, पण ठरतं पावसाळ्यात, असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे जगापेक्षा ते सहा-सात महिने पुढे राहायचे. तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावून हातावर पेढा ठेवला. म्हणाले, "वसंत आला." मी झुडपाकडे निरखून पाहिलं. मला पानांशिवाय काही दिसलं नाही, पण पेढा चांगला होता. त्यांचा एवढा आनंद मला पुढे काकूंकडून उलगडला. येत्या एप्रिलमध्ये दोघं कायमची पुण्याला लेकीकडे जायची होती, म्हणजे तो रंग बघायला त्यांच्याकडे तेवढा एकच वसंत होता.

आणि दिवाळीत मी शहाणपणा केला. काका-काकू आठवडाभर नागपूरला गेले होते, झाडाची जबाबदारी माझ्यावर. पाणी मी नेमाने घातलं. पण घराची साफसफाई चालली होती, फराळाला माणसं येणार होती, आणि झुडूप मला वेडंवाकडं वाढलेलं दिसलं. मी मोठी कात्री घेऊन त्याला छान गोल आकार दिला. टोकांवर गाठीसारखं काहीतरी होतं, तेही सफाईने उडवलं. आणि काका खूश होतील म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

काका आले ते हातात बॅग तशीच धरून झुडपासमोर थबकले. मग वाकून पानांच्या गादीखाली बोट घातलं आणि म्हणाले, "ओल चांगली राखलीस हो." एवढंच. स्वयंपाकघरात काकूंनी मला हळूच सांगितलं, "अगं, कळ्या होत्या त्या. आता यंदा नाही यायच्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला गेले तर काका म्हणाले, "आकार मात्र बेस्ट आलाय." फाल्गुनात ते रोज त्या हिरव्यागार झुडपासमोर खुर्ची टाकून बसत होते. चहा आता गरम असतानाच संपायचा. एप्रिलमध्ये दोघं पुण्याला गेली.

पुढच्या फाल्गुनात एका सकाळी दार उघडलं तर झुडपाचं एकही पान दिसत नव्हतं, इतकी फुलं. मी धावत फोन आणला आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते पडद्यात डोळे बारीक करून बघत राहिले. "फोनमध्ये रंग खरा दिसत नाही गं. तू सांग."

"अबोली, काका. फुलाच्या आत घशाशी थोडा गडद."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, कोणता म्हणाली?"

"अबोली," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुन्हा एकदा, "अबोली. हे आपल्याला सुचलंच नव्हतं." थोड्या वेळाने भानावर येऊन त्यांनी मला सूचना दिली, "फुलं गळाली की लगेच छाट. पंधरा दिवसांत. दिवाळीपर्यंत थांबू नकोस, बाळा."

माझ्या माफीनंतरच्या दीड वर्षात त्या गोष्टीबद्दल ते एवढंच बोलले. मी हो म्हटलं. फोन ठेवून मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. कळ्या कापल्या हे मला तेव्हाच कळलं होतं, पण त्या माणसाचं मी काय कापलं होतं, ते त्या सकाळी पहिल्यांदा माझ्यासमोर फुललेलं होतं.