गावदेवीपुढचा नारळ

सगुणाबाई गायकरांना गावाने सरपंच केलं, ते त्या गप्प बसतात म्हणून. मानपाड्यामागच्या त्या गावात ग्रामपंचायत होती तेव्हाची ही गोष्ट. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तशी पुढारी मंडळी गावदेवीच्या देवळात जमली आणि गावचे कारभारी आबा म्हणाले, सगुणा बिनविरोध. इच्छुक असलेल्या दुसऱ्या दोघींनी देवीपुढच्या नारळाला हात लावून माघारीचा शब्द दिला. असा शब्द तिथे कुणी मोडत नाही. आता सही सगुणाची आणि कारभार तिच्या नवऱ्याचा, काळुरामचा, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. तिथेच फसले!

पहिल्याच सभेला काळुराम खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच बाई दारात.

"उठा. खुर्ची माझी हाय."

गावतळं बुजवून बिल्डरला रस्ता द्यायचा आबांचा ठराव होता. बाईंनी तो ग्रामसभेत नेला, गावातल्या झाडून साऱ्या बायका गोळा केल्या आणि हाणून पाडला. आबांनी तो राग वीस वर्षं जपला. पुढच्या निवडणुकीत बाईंना पाडलं, गाव महापालिकेत गेल्यावर आणखी दोनदा पाडलं. बाई आपल्या अर्ज भरतच राहिल्या. हट्टीच बाई! पण असा हट्ट आणखी चौघांना असता तर गावाचं सोनं झालं असतं.

यंदा तळ्यावर पार्किंगचा घाट होता आणि महापालिकेच्या निवडणुकीत बाईंसमोर आबांचा पुतण्या देवेश उभा होता. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. दोन वाजता आबांनी बाईंना देवळात बोलावलं. समोर नारळ.

"सगुणा, हात लाव. गावाची एकी राहू दे."

"एकी गावाची का पार्किंगची?"

सगळ्यांनी काळुरामकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडं नका बघू. मी खुर्चीवरून कवाच उठलोय."

बाईंनी नारळ उचलला. आबांनी सुस्कारा सोडला. आणि बाईंनी तो पायरीवर असा आपटला की पाणी आबांच्या लेंग्यावर उडालं.

"फुटल्या नारळावर शब्द देता येत नाय, आबा. प्रसाद मात्र खाता येतो. घ्या."

देवीचा प्रसाद नाकारायची छाती आबांनाही नव्हती. देवेश दुसरा नारळ आणायला पळाला. मानपाडा रोडच्या ट्रॅफिकमधून तो परतला तेव्हा तीन वाजून गेले होते, आबा अजून खोबरं चावत होते आणि बाई तळ्याकाठच्या पहिल्या घरी मत मागत होत्या.