बाबांनी निवडलेला निळा

बाबांना माझ्या चित्रात काहीतरी ओळखीचं हवं असायचं. झाड, बैल, निदान एखादं घर. आणि मी काढायचे चौकोन, त्रिकोण आणि उभे लांबट पट्टे. सकाळी बदलापूरच्या शाळेत मुलांना आंबा आणि माठ काढायला शिकवायचे, दुपारी अंबरनाथला घरी येऊन बाहेरच्या खोलीत फरशीवर कॅनव्हास पसरायचे. कारखान्यातून रिटायर झालेले बाबा खुर्ची पुढे सरकवून बसायचे.

"बाय, हे काय आहे?"

"काही नाही बाबा, आकार आहेत."

"ते दिसतंय गं. पण कशाचे?"

"कशाचे नाहीत. नुसते आकार."

नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच मी जन्मले, असं आई म्हणते. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी ब्रश आपटला असता. पण बाबांचं वेगळं होतं. जगात कुणाला कळो न कळो, या एका माणसाला माझं चित्र आवडावं असं मला फार वाटायचं. चित्रकाराने असं बोलून दाखवू नये म्हणतात. मी दाखवते.

त्यांचा दुसरा प्रश्न तर जास्तच झोंबायचा. "तुझ्या चित्रात निळा का नाही?" आमच्या घरात निळ्याला मान. विहारावरचं निशाण निळं, सणाला बाबांच्या गळ्यातला रुमाल निळा. आणि समोर चित्रात हातभर निळा चौकोन असताना हा माणूस विचारतो, निळा कुठाय! मला वाटायचं, मुद्दाम डिवचतात. "सगळं मळकट दिसतंय," ते म्हणायचे, "चहा सांडल्यासारखं." मी चिडून ट्यूबमधला निळा काही न मिसळता तसाच फासला. तरी तेच.

मग दाराचं प्रकरण झालं. दोन हजार चार-पाच साल असेल. आमची बैठी चाळ, दार सरळ गल्लीत उघडणारं, त्याचा रंग पार उडालेला. ते निळं करायचं असं बाबांनी ठरवलं आणि आम्ही दोघं शेअर रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात गेलो. ओळखीच्या सिंधी दुकानदाराने शेडकार्ड पुढे टाकलं. बाबा एकेका रंगावर बोट ठेवून नकारार्थी मान हलवत राहिले. "हा काळपट आहे. हा राखाडी. जरा निळा दाखवा ना." शेवटी दुकानदाराने हात टेकले.

"काका, ये देखो. इससे भडक कंपनी बनातीच नहीं."

तोच घेतला. दार रंगवून झाल्यावर बाबा लांब जाऊन उभे राहिले आणि खुशीत म्हणाले, "आत्ता कुठे निळा वाटतोय." आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. दार अक्षरशः डोळ्यांत घुसत होतं. शेजारीण म्हणाली, "वहिनी, आता लाईट गेली तरी तुम्हाला टेन्शन नाय." बाबांना काही बोलायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. माणूस खूश आहे ना, मग झालं.

डब्यात थोडा रंग उरला होता. एका चित्राच्या कडेला मी त्याचा उभा पट्टा ओढला, निव्वळ गंमत म्हणून. शेजारचा करडा चौकोन कधीचा पेंगत पडला होता, तो जागा झाला. मग मला सवयच लागली. डबा संपल्यावर मी तो भडकपणा ॲक्रिलिकमध्ये जुळवायला शिकले. पुढे मुंबईत माझी चित्रं लागली, तेव्हा एका जाणकार गृहस्थांनी विचारलं, हा कर्कश निळा कशासाठी? मी रचनेचा तोल वगैरे काहीबाही बोलले. ते समाधानाने मान डोलावून पुढच्या चित्राकडे गेले.

खरं कारण वेगळं होतं. संध्याकाळी थकून येताना गल्लीच्या तोंडापासूनच ते दार दिसायचं आणि जिवाला बरं वाटायचं.

बाबांना मोतीबिंदू आहे हे कळलं तेव्हा सगळा उलगडा झाला. डॉक्टर म्हणाले, अशा डोळ्यांना सगळं पिवळट, तपकिरी दिसतं, आणि निळा तर जवळजवळ जातोच. मी बसल्या जागी गार पडले. बाबा मला डिवचत नव्हते. माझा निळा त्यांना दिसतच नव्हता.

"अजून पिकू दे, मग बघू," म्हणत त्यांनी ऑपरेशन टाळलं. कारखान्यात यंत्रांना न घाबरलेला माणूस डोळ्याला हात लावू देईना. मी भांडले, आईने अबोला धरला, तेव्हा कुठे उल्हासनगरच्या एका दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांना काळा चष्मा लावून आम्ही रिक्षाने घरी आणलं. दारासमोर त्यांनी चष्मा वर केला आणि जागीच थबकले.

"हे कुणी रंगवलं?"

"तुम्हीच," आई म्हणाली.

"असलं? आणि इतके दिवस तुम्ही दोघी गप्प?"

"तुम्ही खूश होतात ना."

बाबांना हसू आवरेना. "लोक काय म्हणत असतील! डोळा बरा झाला की पहिला बिस्किटी रंग आणतो."

मी कुलूप काढून दार पूर्ण उघडलं. आत भिंतीवर माझं एक चित्र लावलेलं होतं. बाबा चष्मा कपाळावर चढवून त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी तळहाताने एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"बाय, इकडून चहा, इकडून निळा!" ते लहान मुलासारखे हरखले होते. "केवढा निळा घातलायस गं तू."

मला रडूच फुटलं. आईने पदर पुढे केला आणि वर टोमणाही मारला, "ऑपरेशन त्यांच्या डोळ्याचं आणि पाणी हिच्या डोळ्यात."

बाबांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. चित्राच्या कडेच्या पट्ट्यावरून त्यांनी हात न लावता बोट वरून खाली नेलं. मग मागे वळून, भिंतीला टेकलेल्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"हे आपलं दार आहे."

माझे आकार कशाचेच नसतात, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना ठणकावून सांगत आले होते.

"हो बाबा," मी म्हणाले.

ते खुर्चीत जाऊन बसले. आईने चहा आणून दिला आणि विचारलं, "मग बिस्किटी रंग कधी आणायचा?"

"नको," बाबा म्हणाले. "दार बदललं तर पोरीचं चित्र खोटं पडेल."