पस्तिसाव्या पोत्यानंतर

फुलचूरजवळच्या राइस मिलमध्ये धानाची पोती मोजणारा तो माणूस पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता शुभ म्हणून 'लाभ' म्हणे. आवाज खणखणीत, पण पस्तिसाव्या पोत्यापर्यंतच. पुढे शब्द नाकातून येत, पापण्या मिटू लागत, आणि काट्यावरचा आकडा वाचताना तो डावी पापणी बोटाने वर धरी. हमाल म्हणत, "सुबेपासूनच ढोसून आला का बे?" तोही हसे. जेवून अर्धा तास पडला की आवाज पुन्हा मोकळा होई.

काट्याशेजारी बसून वही लिहिताना हे मी तीन हंगाम पाहिले. त्याची मोजणी एकदाही चुकली नव्हती. तरी मीच शेठला सांगितले की माणूस पिऊन मोजतो. शेठने त्याला काढले. दारू अर्ध्या तासात उतरत नाही, एवढे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

दोन वर्षांनी घास गिळवेना, तेव्हा त्याला नागपूरला नेले. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, "आराम केल्यावर बरं वाटतं का?" नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट न पोचण्याचा तो विरळा आजार निघाला. गोळ्यांनी बोलणे, गिळणे सुधारले. पोती मोजण्याइतका दम परत आला नाही.

मी भेटायला गेलो आणि त्याला सगळे सांगितले. पस्तीस पोती, अर्धा तास, शेठला लावलेली चुगलीही. तो हनुवटीला हाताचा टेकू देऊन ऐकत होता.

"एवढं बराबर पाहून राहिले होते तुमी," तो म्हणाला, "तं एकडाव मलेच काऊन नाई इचारलं?"