मी सोडायला लावलेला विषय

माझी लेक पंपांच्या कारखान्यात सहा वर्षं ड्रॉइंग तपासते आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तिला हीट ट्रान्सफर हा विषय घ्यायचा होता. "त्यात निम्मा वर्ग गटांगळ्या खातो, मार्क कशाला घालवतेस?" असं म्हणत मीच तिला सोपा विषय घ्यायला लावला. मार्क भरघोस पडले. यंदा तिने मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी अर्ज केला, तर पदवीला नेमका तोच विषय नाही म्हणून प्रवेश नाकारला गेला.

"माझ्यामुळे झालं गं," मी म्हटलं.

"मार्क मिळाले ना, आई? त्यांचं आता लोणचं घाल," ती डबा भरत म्हणाली.

त्या एका विषयाची परीक्षा बाहेरून दे, असं तिला सुचवावंसं वाटतं. पण पुन्हा सल्ला द्यायला माझी जीभ रेटत नाही.